अक्कलदाढ : काढण्याआधी आणि काढल्यानंतर

(दृश्य : प्रकाशपेटीवर लावलेला संपूर्ण जबड्याचा एक्स-रे.)

या एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात पाहिले, तर शेवटची दाढ उभी नसून आडवी झोपलेली आणि तिचे डोके पुढच्या दाढेला टेकलेले दिसते. साधारण १७ ते २५ या वयात येणाऱ्या या दाढेला पुष्कळांच्या जबड्यात जागाच उरलेली नसते, त्यामुळे ती तिरपी वाढते, अर्धी हिरडीखाली दबून राहते किंवा हाडातच अडकून बसते. अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर लोंबत राहतो. त्या पदराखाली अन्नाचे कण अडकतात, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि काही महिन्यांच्या अंतराने तीच जागा पुन्हा पुन्हा सुजते.

अक्कलदाढ आहे म्हणून ती काढलीच पाहिजे, असे मात्र नाही. सरळ आलेली, स्वच्छ ठेवता येणारी आणि त्रास न देणारी दाढ आयुष्यभर तोंडात राहिली तरी बिघडत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनातही, आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असे सांगितले आहे. वारंवार होणारा जंतुसंसर्ग, भरता न येण्याजोगी कीड, शेजारच्या दाढेची झीज किंवा दाढेभोवती तयार झालेली गाठ, अशी कारणे असतील तर ती काढणे योग्य ठरते.

(दृश्य : गावातील घराची ओसरी. गालाला फडके बांधून बसलेला तरुण.)

विदर्भातल्या खेड्यांत दाढेचे दुखणे दवाखान्यापर्यंत पोहोचण्याआधी बराच प्रवास करून आलेले असते. दाढेखाली तंबाखूची चिमूट, लवंग, कापूर, मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गोळ्या, आणि सुजलेल्या गालावर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक. यांपैकी लवंगेने तात्पुरता आराम पडतो. दुखण्याची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्याने तिथली त्वचा भाजते आणि दाढ होती तशीच राहते. संसर्गाच्या सुजेवर बाहेरून दिलेला शेकही टाळलेला बरा. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरू लागली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले, थुंकी गिळता येईना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळच्या बसची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण ही सूज श्वासाचा मार्ग बंद करू शकते.

एवढी वेळ येऊ न देता, पहिल्या किंवा दुसऱ्या ठणक्यालाच दंतवैद्याला दाखवावे. अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. हाडात खोल अडकलेल्या दाढेसाठी तिथून जिल्हा रुग्णालयात, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे येथील दंत महाविद्यालयात पाठवले जाते. मोठा एक्स-रे तिथे निघतो, आणि तो आवश्यकच असतो. खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस जबड्याच्या हाडातून, याच दाढेच्या मुळांजवळून जाते. मुळे आणि नस यांच्यात किती अंतर आहे, हे पाहिल्यावरच दाढ कशी काढायची ते डॉक्टर ठरवतात.

पुष्कळ जण पहिल्या भेटीतच नाराज होऊन परततात. पन्नास-साठ किलोमीटर एसटीने जावे, रांगेत बसावे, आणि डॉक्टरांनी जागा धुऊन, गोळ्या देऊन ‘आठ दिवसांनी या’ म्हणावे, याचा राग येणे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामागे कारण असते. पू आणि सूज असलेल्या भागातील ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात आणि तिथे बधिर करणारे औषध नीट काम करत नाही, शिवाय तोंड पुरेसे उघडत नाही. सूज उतरल्यावर तेच काम कमी वेळात आणि कमी वेदनांत होते.

(दृश्य : बाह्यरुग्ण विभाग. डॉक्टर प्रश्न विचारत आहेत, रुग्णाची आई उत्तरे देत आहे.)

पूर्वतयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे खरी माहिती देणे. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेली औषधे, कुठल्या औषधाची ॲलर्जी, गर्भारपण, यांतले काहीही असले तरी ते सांगावे, आणि नावे आठवत नसतील तर गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो निर्णय दंतवैद्य आणि ती गोळी लिहून देणारे डॉक्टर मिळून घेतात.

आपल्या भागात याला सिकलसेलची जोड द्यावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या पट्ट्यात रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि २०२३ पासून देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. नुसता वाहक असलेल्या माणसाला दाढ काढताना सहसा वेगळी अडचण येत नाही. आजार असलेल्या रुग्णाला मात्र शरीरातील पाणी कमी होणे, संसर्ग, थंडी आणि ताण यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून तपासणीचे कार्ड सोबत न्यावे आणि दाढ काढण्याची तारीख आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. पुढे या निवेदनात गालावर बर्फ लावण्याचा सल्ला येईल. सिकलसेलच्या रुग्णाने तो डॉक्टरांना विचारल्याखेरीज अमलात आणू नये.

(दृश्य : पानठेला. पन्नीत खर्रा घोटणारे हात.)

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारीची बारीक कातर, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा विदर्भात शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या खिशात सापडतो. दंतवैद्याने विचारले की रुग्ण ‘कधीमधी’ असे उत्तर देतो, आणि तोंड उघडल्यावर गालाची आतली कातडी वेगळेच काही सांगते. सुपारीमुळे गालाचे अस्तर हळूहळू पांढरट आणि ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते, आणि तोंड कमी कमी उघडते. उभी धरलेली आपली तीन बोटे वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जात नसतील, तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे. अक्कलदाढ तोंडाच्या अगदी मागे असते, आणि तोंडच उघडत नसेल तर तिच्यापर्यंत हत्यार पोहोचवणे अवघड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे ताठर झालेले अस्तर ही कर्करोगपूर्व अवस्था असू शकते, म्हणून तिची तपासणी दाढेइतकीच, किंबहुना दाढेआधी, व्हायला हवी. दाढ काढण्याच्या काही दिवस आधीपासून खर्रा, बिडी, गुडाखू हे सारे थांबवावे. जखम भरण्याच्या काळात तर ते पूर्ण बंदच असावे.

दिवस निवडतानाही थोडा विचार करावा. खेड्यातला माणूस बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातोच, तेव्हा दाढही त्याच फेरीत उरकावी असे त्याला वाटते, आणि मग तोंडात कापसाचा बोळा धरून दोन हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसे बसस्थानकावर दिसतात. त्या दिवशी बाजार ठेवू नये. दाढ शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी काढून घ्यावी. त्रास वाढण्याची शक्यता तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असते, आणि तो दिवस रविवारी आला तर दवाखाना बंद असतो. कापसाच्या वेचणीच्या ऐन हंगामात किंवा सोयाबीन कापणीला आल्यावर ही तारीख घेतली, तर विश्रांती मिळत नाही. मे महिन्यातील उन्हात दूरचा प्रवासही टाळता आला तर उत्तम.

फक्त जागा बधिर करून दाढ काढायची असेल, तर उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. ऑपरेशन म्हटले की उपाशी राहायचे, अशी समजूत घट्ट असल्याने, किंवा त्या दिवशी चतुर्थी असल्याने, काही जण रिकाम्या पोटी येतात आणि खुर्चीवरच त्यांना चक्कर येते. हलके जेवण करून, नेहमीची औषधे घेऊन, सोबत एक माणूस घेऊन जावे. पूर्ण भूल द्यायची असेल तरच उपाशी राहावे लागते, आणि किती तास ते डॉक्टर सांगतात.

(दृश्य : दंतवैद्याची खुर्ची. चेहरा दिसत नाही, फक्त दिव्याचा प्रकाश आणि हातमोजे.)

खालच्या जबड्यासाठी इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड होते. दाब, ओढ आणि आवाज जाणवतो, वेदना होऊ नये. झाली तर हात वर करावा, औषध आणखी देता येते. दाढ अडकलेली असेल तर हिरडी थोडी उघडून, सलाईनच्या पाण्याची धार सोडत आजूबाजूचे हाड कोरले जाते, आणि बऱ्याचदा दाढेचेच दोन-तीन तुकडे करून ते एकेक बाहेर काढले जातात. तुकडे केले म्हणजे काम चुकले असे नाही. त्यामुळे हाड कमी कोरावे लागते. वरची दाढ काढल्याने नजर जाते, ही भीतीही अनेक घरांत ऐकू येते. दृष्टीची नस थेट डोळ्यातून मेंदूकडे जाते आणि तिचा दातांशी संबंध नाही.

दाढ निघाली की तिच्या खड्ड्यात रक्त साचते आणि त्याची गुठळी बनते. पुढच्या आठवड्यातील बहुतेक पथ्ये या गुठळीच्या रक्षणासाठी आहेत. ती खालच्या उघड्या हाडाला आणि नसांच्या टोकांना झाकून ठेवते, आणि तिच्यातूनच नवी ऊती तयार होते. म्हणून जखमेवर ठेवलेला कापडाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून पाहायचा नाही. थुंकायचे नाही, तोंडातील लाळ गिळायची. पहिल्या दिवशी लाळ लालसर दिसणे स्वाभाविक आहे. नळीने उसाचा रस किंवा ताक ओढायचे नाही, जोरात चूळ भरायची नाही, जिभेने किंवा काडीने खड्डा चाचपायचा नाही. जखम दिसली की हळद भरण्याची आपल्याकडची सवय इथे मोडावी लागते. हळद, राख, चुना यांतले काहीही खड्ड्यात घालू नये. रक्त पुन्हा वाहू लागले, तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी त्या जागी ठेवून अर्धा तास सलग चावावी, आणि तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

गाल सुजतो. ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढत जाऊन मग उतरू लागते, हे आधी माहीत असले की घरचे घाबरत नाहीत. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून गालावर पंधरा-वीस मिनिटे लावावा, तेवढाच वेळ थांबावे आणि पुन्हा लावावा. घरी फ्रीज नसेल, तर माठातील पाण्यात भिजवलेले फडके वारंवार बदलत राहावे. झोपताना डोक्याखाली उशी वाढवावी. ओझे उचलणे, वाकून निंदण करणे, उन्हात राबणे चार-पाच दिवस टाळावे. दुखण्याच्या गोळ्या बधिरपणा जाण्याआधीच, पोटात अन्न असताना, सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. मेट्रोनिडाझोलसारखी गोळी सुरू असेल तर मोहाची असो की दुकानातली, दारू अजिबात घेऊ नये.

(दृश्य : चूल, पातेल्यात शिजणारी पेज.)

ओठाचा बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ नये, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. त्यानंतर धानाच्या पट्ट्यातील घरांत तांदळाची पेज आणि ज्वारीच्या पट्ट्यात गाळलेली आंबील, दोन्ही कोमट करून, वाटीने किंवा चमच्याने घ्यावीत. ताक, दही, पातळ वरणात कुस्करलेला मऊ भात, मुगाची खिचडी, केळी हे दुसऱ्या दिवसापासून चालते. ज्वारीच्या कण्या पचायला हलक्या असल्या तरी त्यांचे दाणे खड्ड्यात जाऊन बसतात, म्हणून त्यांना थोडे थांबवावे. ठेचा, तर्री, भाजलेले शेंगदाणे, चिवडा आणि कडक भाकरी आठवडाभर बाजूला राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, जरी वऱ्हाडी माणसाला तसे वाटत असले तरी. पाणी भरपूर प्यावे.

चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी. पाणी तोंडात धरून मान कलती करावी आणि ते आपोआप बाहेर पडू द्यावे. बाकीचे दात रोजच्यासारखे ब्रशने घासावेत.

कमी होत चाललेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढले, कानापर्यंत ठणका जाऊ लागला, तोंडाला वास येऊ लागला आणि खड्डा रिकामा दिसला, तर गुठळी निघून गेली असे समजावे. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि चघळणाऱ्यांत याची शक्यता वाढते. ही अवस्था फार वेदनादायक असते, पण तिच्यावरचा उपाय साधा आहे : डॉक्टर खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी ठेवतात आणि बहुतेकांना लवकरच आराम पडतो. घरी लवंगेचे तेल थेट ओतले, तर ऊती भाजते. याउलट ताप, पू आणि पुन्हा वाढणारी सूज ही संसर्गाची लक्षणे आहेत. दोन्ही वेळी नुसत्या गोळ्या वाढवत न बसता दवाखान्यात जावे.

काळ्या रेशमी धाग्याचे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात; विरघळणारे टाके आपोआप पडतात, तरी तपासणी चुकवू नये. त्या भेटीत तोंड किती उघडते ते दाखवावे आणि दोन्ही गालांचे अस्तर तपासून घ्यावे. खर्ऱ्याविना गेलेला आठवडा पुढे वाढवायचा असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते. ओठ किंवा जीभ अजूनही बधिर वाटत असेल, तर तेही सांगावे; ही संवेदना बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित ती कायमची कमी राहते. हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळते, आतील हाड भरून यायला काही महिने लागतात, आणि तोपर्यंत त्या खळग्यात अधूनमधून भाताचे शीत अडकत राहते. ते काडीने न कोरता मिठाच्या पाण्याने चूळ भरून काढावे.