चार गावांतला एक कॉल

(लातूर इथं स्वयंसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी गोळा करायला आपण निघालोय. अडचण अशी की ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट ज्या घरानं भोगली, ते घर आज एका गावात नाही. थोरला भाऊ औसा तालुक्यात शेती बघतो, बहीण सोलापूरला दिलेली, धाकटा पुण्यात कंपनीत, चुलत्याचं बिऱ्हाड हैदराबादेत. एकेकट्याला गाठून विचारलं तर तो वर्षानुवर्षं सांगून घोटलेली गोष्टच सांगतो. तीच माणसं एका कॉलवर आणा, मग बघा. भाऊ म्हणणार, गणपती बोळवून आलो अन् अंगणातच आडवे झालो. बहीण लगेच म्हणणार, "अंगणात तू होतास दादा, आम्ही माळवदाखाली होतो की." आपल्याला हवंय ते हे. म्हणून ग्रुप कॉल.

पण दोघं एकदम बोलले की रेकॉर्डिंगचा चिखल होतो, आणि घरची माणसं एकदमच बोलतात. माझं निम्मं व्याख्यान या चिखलावरच आहे.

बरेच जण फोनमधला स्क्रीन रेकॉर्डर लावून मोकळे होतात. तासाभरानं उघडून बघावं तर चेहरे हलतायत आणि आवाज फार तर आपला एकट्याचा. फोन बिघडलेला नसतो. अँड्रॉइड १० पासून स्क्रीन रेकॉर्डरला दुसऱ्या ॲपचा आवाज घेता येतो, पण तो गाण्याचा, व्हिडिओचा, गेमचा. कॉलवरचं बोलणं त्यातून वगळलेलं आहे. तेव्हा लॅपटॉपच घ्या, कुणाचा तरी मागून आणा.

लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ टाका. २०१२ पासूनचं, फुकट आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे दिसतं आणि स्पीकरला जे जातं ते उचलतं, मग कॉल गूगल मीटचा असो की व्हॉट्सॲपचा. आवाजाचे सहा ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या साठवता येणाऱ्या पट्ट्या, मिळतात. आपला माइक एकावर, कॉलचा आवाज दुसऱ्यावर, एवढं पहिल्याच दिवशी लावून ठेवा. तरी समोरची सगळी माणसं त्या दुसऱ्या ट्रॅकवर एकत्रच येणार. भाऊ-बहीण वेगळे करायला ओबीएसकडे उपाय नाही. तो झूमकडे आहे. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना सेटिंगमध्ये प्रत्येकाची स्वतंत्र ऑडिओ फाइल ठेवायचा पर्याय सापडेल, फुकटच्या खात्यातसुद्धा. ४० मिनिटांनी कॉल तुटतो. तुटू द्या, म्हातारी माणसं तोवर थकतातच. चहा घेऊन परत जोडा. मी दोन्ही एकदम चालू ठेवतो. चित्र ओबीएसचं, आवाज झूमचा.

आता लाईटचं. आपल्याकडं ती कधी जाईल, सांगता येत नाही. राउटर बंद पडला तर कॉल तुटतो, पण ओबीएसचं रेकॉर्डिंग चालू राहतं. लॅपटॉपच बसला तर मात्र फाइल कोणत्या प्रकारची आहे यावर सगळं ठरतं. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मधेच बंद पडलं की फाइल उघडतच नाही. ओबीएसच्या सेटिंगमध्ये एमकेव्ही हा फाइलचा प्रकार ठेवला तर लॅपटॉप बंद पडेपर्यंतचं सगळं हाती लागतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून रिमक्स करून, म्हणजे चित्र-आवाज तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलून, एमपी४ करा, थोड्या वेळात होतं.

जागा किती लागते? व्हिडिओचा वेग सेकंदाला २५०० किलोबिट ठेवला तर तासाला साधारण १.१ जीबी. बोलणारे चेहरेच आहेत, तेवढं पुरतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर चढत नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त छळते. आजी बोलता बोलता ओवी धरते. तिनं सूर लांबवला की ॲपला तो गोंगाट वाटतो आणि ते आवाज दाबून टाकतं. ओठ हलताना दिसतात, ओवी अर्धी गायब. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे, पण ती गाणाऱ्याच्या बाजूनं चालू करावी लागते. आपण लातुरात बसून काही करू शकत नाही. म्हणून आदल्या दिवशी नातवाला फोन करा, त्याच्याकडून ते लावून घ्या, आणि पंखा बंद ठेवायला सांगा. आजीला इअरफोन नको असतो. मग बाकीच्यांनी तरी घालावा, नाहीतर त्यांच्या स्पीकरमधून तिचाच आवाज परत फिरून येतो.

आणि विचारल्याशिवाय बटण दाबू नका. झूम रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं सगळ्यांना सांगतं, ओबीएस कुणाला पत्ता लागू देत नाही. सुरुवातीला प्रत्येकानं स्वतःचं नाव, गाव आणि "रेकॉर्ड करा" हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं. संमतीही झाली, आणि पुढं लिहून काढणाऱ्याला कुठला आवाज कुणाचा ते कळलं. कॉल संपताना पुन्हा विचारा. गेलेल्या माणसांबद्दल बोलताना भरात निघून गेलेलं एखादं वाक्य त्यांना नको असतं. ते काढायचं, वाद घालायचा नाही. आणि त्यातला तुकडा कुणाच्या स्टेटसला लावायचा नाही, आपल्यासुद्धा.

बरं, आता करून बघू. तिघं जण फोन घेऊन मागच्या खोलीत जा, एक जण खाली रस्त्यावर. मी इथून कॉल लावतो. मी खूण केली की चौघं मुद्दाम एकदम बोला, मग चारही फाइली आपण एकेक करून ऐकू. ज्यांच्या लॅपटॉपवर ओबीएसमध्ये काळा पडदा येतोय त्यांनी विंडो कॅप्चरची, म्हणजे कॉलची खिडकी उचलायच्या सेटिंगमधली, पद्धत बदलून बघा, आणि तरी नाही जमलं तर इकडे पुढं या.