व्हॅलँडिघम: लिंकनने शत्रूकडे हाकललेला खासदार

५ मे १८६३. गुलामगिरीवरून फुटून निघालेल्या दक्षिणेशी (साउथशी) अमेरिकेचं यादवी युद्ध चालू आहे. ओहायो राज्यातलं डेटन, अजून उजाडलं पण नाहीये आणि सैनिक एका घराचं दार फोडतायत. घर क्लेमेंट व्हॅलँडिघमचं, जो मार्चपर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये खासदार होता. गुन्हा? भाषण.

माउंट व्हर्ननच्या सभेत तो म्हणाला होता की हे युद्ध देश वाचवायला नाही तर काळ्यांना मुक्त करून गोऱ्यांना गुलाम करायला चाललंय, राष्ट्राध्यक्ष लिंकनला तर त्याने राजाच करून टाकलं, आणि ओहायोतला लिंकनचा जनरल बर्नसाइड, त्याची साध्या कपड्यातली माणसं त्याच गर्दीत उभी राहून सगळं टिपून घेत होती. अटकेची बातमी फुटल्यावर त्याच्या समर्थकांनी डेटनमधल्या विरोधी पेपरचं ऑफिसच जाळलं.

खटला चालला लष्करी न्यायालयात. शिक्षा, युद्ध संपेपर्यंत कैद. आता लिंकनची गोची झाली, आत ठेवला तर हुतात्मा होणार आणि सोडला तर जनरलचं नाक कापलं जाणार, मग त्याने सरळ हद्दपारच केलं, थेट शत्रूच्या हद्दीत! टेनेसीत साउथच्या सैनिकांसमोर हा पठ्ठ्या सांगतो की मी ओहायोचा माणूस, मला जबरदस्तीने आणलंय, मला युद्धकैदी धरा. त्यांनाही हे लोढणं नकोच होतं. तिथून लिंकनच्या नौदलाची नाकेबंदी चुकवत बर्म्युडा, मग कॅनडा, आणि तिथल्या विंडसरमध्ये बसून त्याने ओहायोच्या गव्हर्नरची निवडणूक लढवली, म्हणजे उमेदवार परदेशात आणि मतदार इकडे. सुमारे १ लाख मतांनी पडला.

माणूस काही संत नव्हता हां. गुलामगिरी गेली नाही तरी त्याला चालणार होतं. पण सिव्हिलियनला लष्करी न्यायालयात का उभं केलं, हे लिंकनच्या स्वतःच्या पक्षातल्या काहींनाही पटलं नव्हतं, आणि १८६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर लष्करी न्यायालयाचा निकाल तपासायचा आम्हाला अधिकारच नाही म्हणून हात झटकले.

त्याच वर्षी तो वेष पालटून परत आला. लिंकनने यावेळी बघून न बघितल्यासारखं केलं, आणि माझ्या मते अटकेपेक्षा ही चाल जास्त हुशारीची होती, कारण मोकळ्या व्हॅलँडिघमने शिकागोच्या अधिवेशनात त्याच्या पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅट्सच्या, जाहीरनाम्यात युद्ध फसलंय असं घालायला लावलं आणि लिंकनविरुद्ध उभा असलेला त्यांचाच राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मॅक्लेलनला ते नाकारत बसावं लागलं.

१८७१ मध्ये तो वकील म्हणून एक खुनाची केस लढवत होता. मेलेल्याने स्वतःवरच चुकून गोळी झाडली असणार, हे कसं ते दाखवताना त्याच्या हातातलं पिस्तूल खरंच भरलेलं निघालं. तो गेला, अशील पुढे निर्दोष सुटला.