पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही

(दृश्य: रात्र. टेबलाखाली उघडं कॅबिनेट, आत दिवे. मॉनिटर काळा.)

रॅमचा वेग 3200 होता, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन 3600 केला. एफ-टेन दाबून सेव्ह केलं. मशीन रीस्टार्ट व्हायला गेलं आणि तिथेच अडकलं. पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, पण डिस्प्ले नाही. बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं, तरी तेच.

हप्त्यावर घेतलेला पीसी असा काळा पडला की पोटात गोळा येतो. म्हणून आधीच सांगतो: नुसता रॅमचा वेग वाढवून पीसी असा अडला, तर बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. मशीनला एक चुकीचा आकडा आठवतोय आणि दर वेळी ते त्याच आकड्यावर उठायचा प्रयत्न करतंय. तो आकडा त्याला विसरायला लावायचा आहे.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ.)

पहिलं काम म्हणजे हात बाजूला ठेवणं. रॅमचा वेग बदलला की मदरबोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो. सिग्नल कोणत्या क्षणी वाचायचा, हे तो करून बघून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर5 या नव्या पिढीच्या रॅमच्या बोर्डांवर पहिल्यांदा यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. बरेच बोर्ड दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होतात आणि जमलं नाही तर जुन्या वेगावर परत येतात. आपण घाबरून मध्येच बटण दाबतो आणि ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

(दृश्य: मदरबोर्डच्या कडेचे चार बारीक दिवे, त्यातला एक पेटलेला.)

दहा मिनिटांनीही काही झालं नाही, तर हे दिवे बघा. सगळ्या बोर्डांवर ते नसतात, पण असले तर फार उपयोगी. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. मशीन जिथे अडतं तिथला दिवा लागून राहतो. आपला पीसी रॅमवर अडलाय.

आता मेन स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. मग बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना शोधा. सीमॉस म्हणजे बायोसच्या सेटिंग लक्षात ठेवणारी, सेलवर चालणारी छोटी मेमरी. त्या कुठे आहेत ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. दहा सेकंद त्या एकमेकींना जोडा. पिना सापडत नसतील तर नाण्याएवढा सेल काढून ठेवा. सीआर2032, तीन व्होल्टचा. मात्र आजच्या काही बोर्डांवर सेटिंग वीज गेली तरी न विसरणाऱ्या फ्लॅश चिपमध्येही राहतात. तिथे नुसता सेल काढून भागत नाही, पिनाच जोडाव्या लागतात.

रॅम खोडरबराने पुसून लावायचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. धूळ किंवा गंज असेल तर तो खराही आहे. पण काल रात्रीपर्यंत चालणारी रॅम आकडा बदलल्याबरोबर अडली असेल, तर दोष आकड्यात शोधा. सीमॉस पुसूनही जमलं नाही, तर रॅमची एकच पट्टी ठेवून बघा, पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये.

(दृश्य: जुना स्लॉट प्रोसेसर, हातात धरलेला.)

ठरलेल्यापेक्षा जास्त वेग काढायची ही धडपड जुनी आहे. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर आला. बोर्डाच्या बसचा, म्हणजे भागांना जोडणाऱ्या मार्गाचा, वेग गुणिले एक ठरलेला गुणक, असा त्याचा वेग निघायचा. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद, बस 66 मेगाहर्ट्झची. लोकांनी बस 100 केली आणि 300 चा प्रोसेसर 450 वर पळू लागला. गंमत पुढे आहे. बस 83 केली तर वेग जेमतेम 374 व्हायचा, पण बसच्या निम्म्या वेगाने चालणारी पीसीआय, म्हणजे कार्ड आणि डिस्ककडे जाणारी दुसरी बस, 33 ऐवजी 41 च्या वर जायची आणि हार्ड डिस्कवरच्या फाइली बिघडायच्या. बस 100 केली की बोर्ड दोनऐवजी तीनने भागायचा, पीसीआय परत 33 वर यायची. म्हणजे प्रोसेसर टिकला, तर डिस्कसाठी मोठी उडी छोटीपेक्षा सुरक्षित होती! आणि मशीन अडलं तर अनेक अवॉर्ड बायोसवर इन्सर्ट बटण दाबून धरून ते चालू करायचं, की जुना वेग परत.

(दृश्य: मॉनिटर उजळतो. बायोस.)

आला डिस्प्ले. तारीख कदाचित काही वर्षं मागे गेली असेल, ती आधी नीट करा. रॅम आता 2133 किंवा 2666 वर असेल.

आता पुन्हा वाढवायचं, पण वहीत लिहून आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. आधी एक्सएमपी, म्हणजे रॅममध्येच भरून ठेवलेली वेगाची तयार सेटिंग, चालू करा, रॅमच्या पाकिटावरचा वेग लागतो का बघा. मग 3333, मग 3466. व्होल्टेज डोळ्यांनी तपासा: या डीडीआर4 रॅमला 1.35 व्होल्ट लागतं, आणि हाताने वेग वाढवताना बोर्ड कधी कधी 1.2 वरच राहतो. आमच्या 3600 चं बिनसलं ते इथेच. प्रोसेसरचं व्होल्टेज मात्र जपून. 1.25 चं 1.35 केलं तर वेग तोच ठेवूनही उष्णता सुमारे 17 टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने चढते.

विंडोज उघडलं म्हणजे झालं, असं समजू नका. डळमळीत रॅम दर वेळी काळा पडदा दाखवत नाही, कधी कधी ती गुपचूप फाइली नासवते. लग्नाचे फोटो, प्रोजेक्टचा रिपोर्ट, काहीही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घ्या आणि रात्रभर चालू द्या.

(दृश्य: खिडकीत उजाडलंय. पडद्यावर चौथी फेरी पूर्ण. चुका: 0. वहीत 3466 समोर बरोबरची खूण.)