नेक्रोफेजिस्ट : सूर न् सूर लिहिलेलं डेथ मेटल

(दृश्य : गिटारच्या पट्टीवर डावा हात, अगदी जवळून)

या हाताकडे नीट बघा. उजव्या हातातलं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, एका फटक्यात सगळ्या तारांवरून खाली उतरतं. त्याच वेळी डाव्या हाताचं प्रत्येक बोट, आपला स्वर वाजला रे वाजला, की तारेवरून उचललं गेलं पाहिजे. क्षणभर जरी रेंगाळलं तरी मागचा स्वर पुढच्यात मिसळतो आणि सगळा चिखल होतो. याला स्वीप पिकिंग म्हणतात. हा विद्यार्थी मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजणारं यंत्र, ८० वर ठेवून एकच तुकडा घोटतोय. मूळ गाणं याच्या कितीतरी पुढे धावतं. गाणं आहे ‘स्टॅबवूंड’ आणि बँड आहे जर्मनीचा नेक्रोफेजिस्ट.

(दृश्य : आकाशातून कार्ल्सरूह, राजवाडा, त्यातून फुटणारे रस्ते)

हे कार्ल्सरूह. १७१५ मध्ये इथल्या मारग्रेव्हने, म्हणजे संस्थानिकाने, कार्ल विल्हेल्मने हे शहर वसवलं. मधोमध राजवाड्याचा मनोरा आणि त्यातून चहूबाजूंना सुटलेल्या ३२ सरळ रेषा. आज जर्मनीचं संविधान न्यायालय याच शहरात आहे. अतिशय शिस्तीचं, शांत गाव. तुर्की वंशाचा मुहम्मद सुइचमेझ इथलाच. १९९२ मध्ये त्याने नेक्रोफेजिस्ट सुरू केला.

डेथ मेटल म्हणजे हेवी मेटलचा एक अतिवेगवान, घोगऱ्या आवाजात गायला जाणारा प्रकार. त्या काळी त्याचं नाव काढलं की नावं निघायची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची आणि स्वीडनमधल्या स्टॉकहोमची. जर्मनीची ख्याती थ्रॅशची, म्हणजे मेटलच्याच आणखी एका वेगवान प्रकाराची. एसेनचा क्रिएटर, गेल्झेनकिर्खेनचा सोडोम, वाइल आम ऱ्हाइनचा डिस्ट्रक्शन. जर्मन डेथ मेटलमध्ये मेशेडेचा मॉर्गॉथ होता, लुडविग्सबुर्गचा अॅट्रॉसिटी होता. सुइचमेझ या कुणाच्या वाटेने गेला नाही. बँडमधले वादक येत-जात राहिले आणि तो लिहीत राहिला.

(दृश्य : ड्रम मशीनची बटणं, लुकलुकणारे दिवे)

पहिला अल्बम ‘ऑनसेट ऑफ प्युट्रिफॅक्शन’ १९९९ मध्ये आला. त्यावर ड्रमर नाहीच. ड्रमचा प्रत्येक ठोका सुइचमेझने मशीनमध्ये भरला. गिटार त्याची, गळा त्याचा. ही अडचणीतून काढलेली वाट होती असं सहज म्हणता येईल, पण ऐकून बघा. इथे ड्रम नुसती लय धरत नाहीत. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, वळली की झांजा वळतात, गिटार थबकली की किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रमही थबकतो. एकाच डोक्यातून सगळे भाग निघाले की असं होतं. ही रचना आहे, आणि अल्बम ऐकताना पावलोपावली हेच जाणवतं. या संगीताला आरडाओरडा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा फक्त ड्रमकडे कान देऊन हा अल्बम ऐकावा.

शब्द मात्र प्रेतं, सडणं, चिरफाड असेच, त्या वेळच्या डेथ मेटलच्या रिवाजाला धरून. २००४ मध्ये अमेरिकेतल्या विलोटिप रेकॉर्ड्सने हा अल्बम ड्रमचे आवाज बदलून पुन्हा काढला.

(दृश्य : चार वादक, मंचावर निळा प्रकाश)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिलॅप्स रेकॉर्ड्सकडून दुसरा अल्बम आला, ‘एपिटाफ’. आता मशीन गेलं होतं. ड्रमवर हानेस ग्रॉसमन, दुसऱ्या गिटारवर क्रिस्टियान म्युंझ्नर, बासवर श्टेफान फिमर्स. आठ गाणी, जेमतेम ३३ मिनिटं. शब्दांतलं रक्त-मांस कमी झालं, मृत्यूचा विचार वाढला.

नेक्रोफेजिस्टची खरी शैली इथे सापडते. दोन गिटारी एकच रिफ जाड करायला वाजत नाहीत. एक वर चढते, दुसरी खालून उलटी येते, आणि बास दोघींच्या मधून आपली वेगळी ओळ काढतो. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अखंड वेगवान मारा आहे, पण मोजून-मापून, जिथे हवा तिथेच. सुइचमेझचा खर्जातला ग्रोल, म्हणजे गुरगुरता आवाज, एकाच पट्टीत राहतो, जवळजवळ आणखी एक तालवाद्य असल्यासारखा. आणि सोलो, म्हणजे गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवायचा भाग! डेथ मेटलमध्ये बरेचदा सोलो म्हणजे किंचाळणाऱ्या तारा. इथे सोलो सुरू झाला की खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलायला लागतात आणि बोटं त्या प्रत्येक बदलाचा माग काढतात. एका गाण्याचं नावच ‘डिमिनिश्ड टू बी’, सरळ संगीतशास्त्राच्या वहीतून आलेलं; ‘डिमिनिश्ड’ हा कॉर्डचा एक प्रकार.

(दृश्य : ध्वनिमुद्रणाची तरंगरेषा पडद्यावर सरकते)

आता हा तुकडा. ‘ओन्ली अॅश रिमेन्स’ या गाण्याचा शेवट. ओळखीचा वाटतो? ही रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची चाल आहे. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या १९३५ मध्ये लिहिलेल्या बॅलेमधलं सरदारांचं नृत्य. ऑर्केस्ट्रात तिला पितळी वाद्यांचं वजन असतं, ती पावलं आपटत चालते. सुइचमेझने तो तोरा तसाच ठेवून ती गिटारवर घेतली. ती उसनी आणून चिकटवलेली वाटत नाही, कारण आधीचं सगळं गाणंही त्याच शिस्तीने लिहिलेलं आहे.

(दृश्य : उघड्या मैदानातली गर्दी, हात वर)

२००७ मध्ये अमेरिकेत ‘समर स्लॉटर’ हा दौरा पहिल्यांदा निघाला, तेव्हा पोस्टरवर सगळ्यात वर नाव नेक्रोफेजिस्टचं होतं. दोन अल्बमवाला बँड. फिनलंडचा सामी राटिकाइनेन तोवर दुसऱ्या गिटारवर आला होता.

तिसरा अल्बम आला नाही. २०१० च्या आसपास बँड थांबला. ग्रॉसमन आणि म्युंझ्नर त्याआधीच जर्मनीतल्याच लांड्सहूटच्या ऑब्स्क्युरा या बँडमध्ये गेले होते. त्याच्या २००९ च्या ‘कॉस्मोजेनेसिस’ या अल्बमवर दोघंही वाजवतात. पुढे दोघे अल्कलॉइड या बँडमध्येही एकत्र आले.

(दृश्य : काळा पडदा, फक्त गाण्याचं नाव)

आता ‘एपिटाफ’ हे शीर्षकगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हेडफोन असतील तर लावा. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, आणि गिटारकडे तिसऱ्या फेरीत या. मधे निवेदन येणार नाही.