उलटी बस

उपस्थित शिक्षक बंधुभगिनींनो,

बेरीज-वजाबाकीच्या शाब्दिक उदाहरणांसाठी वर्गात घेता येतील असे तीन खेळ मी आज सांगणार आहे. परंतु त्याआधी आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात भिंतीवर असलेल्या एका तक्त्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. ‘एकूण, मिळून, आले, चढले : बेरीज. उरले, दिले, गेले, उतरले : वजाबाकी.’ असा तक्ता मी स्वतःच्या हाताने लिहून दुसरीच्या वर्गात लावला होता, आणि चाचणीत मुलांना गुण चांगले मिळत असल्यामुळे तो काढावा असे मला कित्येक वर्षे वाटले नाही.

त्याच वर्गात आम्ही बसचा खेळ खेळत असू. खुर्च्यांच्या दोन रांगा म्हणजे बेस्टची बस, एक मूल कंडक्टर, आणि थांबे दादर, परळ, लालबाग, भायखळा. प्रत्येक थांब्यावर मुले चढत-उतरत, आणि आता बसमध्ये किती प्रवासी आहेत हे सांगितल्याशिवाय कंडक्टरने डबल बेल द्यायची नाही असा नियम होता. मुंबईच्या मुलांना डबल बेलचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, हे या खेळाचे मोठे भाग्य.

एके दिवशी मी फळ्यावर लिहिले : ‘दादरहून बस काही प्रवासी घेऊन निघाली. परळला ५ प्रवासी चढले, कोणीही उतरले नाही. आता बसमध्ये १२ प्रवासी आहेत. दादरहून किती प्रवासी निघाले?’ जवळजवळ सर्व पाट्यांवर १७ हे उत्तर आले. आता बसमध्ये बाराच आहेत, मग आधी सतरा कसे असतील, असे मी एका मुलीला विचारले, तेव्हा तिने तक्त्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “बाई, चढले म्हणजे बेरीज.” मी शिकवले होते तेच तिने निष्ठेने केले होते, आणि म्हणूनच ते उत्तर मला आजही बोचते.

मी १२ मुलांना खुर्च्यांवर बसवले आणि परळला चढलेल्या पाच जणांच्या मनगटांना रिबिनी बांधल्या. बराच वेळ कोणी काही बोलेना. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, बस मागे न्या ना, परळच्या आधी.” कंडक्टर पाठमोरा चालू लागला, रिबीनवाले पाचही जण खाली उतरले, आणि सात उरले. तेव्हापासून आमच्या वर्गात या प्रकाराला उलटी बस म्हणतात.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पुढे केली आहे, त्यामुळे उरलेले दोन खेळ थोडक्यात सांगते.

दुसरा खेळ तुलनेचा. ‘रमाकडे सलीमपेक्षा तीनने जास्त चिंचोके आहेत’ या वाक्यातला ‘ने’ लहान मुलांच्या कानावरून निसटतो आणि रमाकडे तीनच चिंचोके आहेत असे त्यांना वाटते. हडसन या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षी आणि अळ्यांचे चित्र दाखवून ‘पक्षी कितीने जास्त?’ असे विचारले असता अडखळणारी बरीच मुले ‘किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ या प्रश्नाला बिनचूक उत्तर देत होती. म्हणून आधी मुलांच्या जोड्या लावाव्यात, जोडीविना राहिलेल्यांना मोजावे, आणि मगच ‘कितीने जास्त’ हा शब्दप्रयोग आणावा.

तिसरा खेळ चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीत गोष्ट असते, प्रश्न नसतो. प्रश्न मुलांनी करायचा. काही चिठ्ठ्यांत मात्र प्रश्नही असतो, पण त्याचे उत्तर गोष्टीत नसते. फ्रान्समधील ग्रनोबल येथे ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ असे विचारल्यावर ९७ पैकी ७६ मुलांनी प्रश्नातल्या संख्यांवरून उत्तर काढले होते. आमच्या वर्गात अशी चिठ्ठी ओळखणाऱ्या मुलाने कंडक्टरची शिटी वाजवायची असते, आणि शिटी वाजली की बस कुठेही असली तरी जागच्या जागी थांबते.