साताऱ्यात वर जायचं की खाली?

सकाळचा अजिंक्यतारा किल्ला. पायथ्याला सातारा नुकतं जागं होतंय. इथून एक गोष्ट झटकन कळते, जी फोनच्या नकाशात कुठंच दिसत नाही. हे शहर उतारावर वसलंय. म्हणून सातारकर पत्ता सांगताना डावं-उजवं फारसं म्हणत नाही. तो म्हणतो वर, नाहीतर खाली. वर म्हणजे किल्ल्याच्या अंगाला.

राजपथ हा वरचा रस्ता, कर्मवीर पथ हा खालचा. मोती चौकात गाडी कडेला घेऊन पाहुणे पानवाल्याला विचारतात, "काका, पोवई नाका?" काका चुन्याचं बोट तसंच हवेत धरतात. "हितनं खालच्या रस्त्यानं जावा. फोन काय म्हणतोय ते नका ऐकू, त्याला चढ कळत न्हाई."

फोनची खरी फजिती होते ती पोवई नाक्यावर. चहूबाजूंचे रस्ते इथं शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी येतात. 2021 मध्ये नाक्याच्या पोटातून ग्रेड सेपरेटर, म्हणजे भुयारी रस्ता, सुरू झाला आणि वाहतूक दोन थरांत विभागली गेली. आता गाडी जमिनीखाली शिरली की सिग्नल जातो. फोनमधल्या बाई मात्र शांतपणे "डावीकडे वळा" म्हणतात, आणि डावीकडे भिंत असते! उपाय एकच. आत शिरण्याआधी वरची पाटी वाचायची.

पुण्याहून अंतर सुमारे 110 किलोमीटर. हायवेवर वाढे फाटा, मग बॉम्बे रेस्टॉरंट, पुढं अजंठा चौक. बॉम्बे रेस्टॉरंट हे आता चौकाचंच नाव झालंय, तिथं जेवायला थांबायची गरज नाही. तसंच शहरातली 501 पाटी, तेही एका जागेचं नाव. पत्ता म्हणून ती अजून बिनघोर चालते. शहरात यायचं तर वेळेत सर्व्हिस रोड धरा. उड्डाणपुलावर चढलात की सातारा खालून निघून जातो.

आणखी एक खड्डा नावाचा. आमचे एक पाहुणे फोनवर 'सातारा रोड' टाकून निघाले. सातारा रोड हे कोरेगाव तालुक्यातलं गाव आहे, आणि पुण्यात त्याच नावाचा रस्ताही आहे. पाहुणे थेट त्या गावात! दुपारी कंदी पेढे घेऊन आम्हीच तिकडं गेलो. रेल्वेनं येणार असाल तर तेवढं लक्षात ठेवा, स्टेशन शहरात नाही, बाहेर माहुलीच्या बाजूला आहे.

राजवाडा मागं टाकून समर्थ मंदिराकडं चढलात की वाटा फुटतात. कासच्या फुलांच्या पठारावर जायला यवतेश्वरचा घाट चढायचा. पठार 1,200 मीटरच्या आसपास, आणि साताऱ्याला पिण्याचं पाणीही त्याच कासहून उतारानं खाली येतं. फुलांच्या दिवसांत आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. वर रेंजचा भरवसा नाही.

सज्जनगड, ठोसेघरला जाणाऱ्यांसाठी बोगदा. जुना, अरुंद, डोंगराच्या आरपार. अलीकडं थांबून आत बघायचं. पलीकडून दिवे दिसले तर गाडी कडेला घ्यायची. एसटी येते, तिचा चालक खिडकीतून हात वर करतो. आता तुमची पाळी.