चोच तीच, जेवण वेगळं

(पहाट. कांदळवन. लांबून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज.)

जानेवारीतली सकाळ, भांडुप पंपिंग स्टेशनमागची वाट. खाडीवर धुकं आहे की धूर, हे मुंबईत छातीठोकपणे सांगता येत नाही.

समोर पाण्यात गोल गोल फिरतायत ती थापट्या बदकं. खेळ वाटतो, पण पंगत बसलीय. सगळ्यांनी मिळून पाणी घुसळलं की खालचं बारीकसारीक अन्न वर येतं. फावड्यासारख्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. चहाच्या गाळणीसारखं काम: पाणी बाहेर, इवले जीव नि बिया आत.

पलीकडे शेपूट आभाळाकडे आणि डोकं पाण्यात, ते तलवार बदक. हिवाळाभर त्याचा मुख्य आहार गवताच्या, पाणवनस्पतींच्या बियांचा. उत्तरेला परतायचंय, अंगावर चरबी हवी. तिकडे विणीच्या दिवसांत मात्र मादी शाकाहार आवरता घेते आणि किडे, अळ्या, गोगलगायींवर येते. बियांनी उडायला बळ मिळतं. अंडं घडवायला प्रथिनं लागतात.

कॅमेरे बहुतेक फ्लेमिंगोकडे वळलेले. 2015 साली ठाणे खाडीत अभयारण्य झालं, त्यालाही नाव फ्लेमिंगोचंच. चालायचंच.

(ऑगस्ट. पाऊस.)

पाहुणे कधीच गेलेत. मिठागरात आता पावसाचं गोडं पाणी. ही आपली घरची, हळदीकुंकू बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे! एरवी गवत, कोंब, बिया खाणारी. रात्री भातखाचरातही उतरणारी. पण 8-10 अंडी घालायची म्हणजे तिलाही किडे शोधावे लागतात, आणि पावसाळ्यात ते हवे तेवढे मिळतात.

मागून येणारी पिल्लं बघा. आई गवतात चोच खुपसतेय, ही पाण्यावरचे किडे टिपतायत. पहिले काही आठवडे हाच खुराक. पिसं फुटायची आहेत. गेटवेच्या लाँचमागे गाठ्या झेलणाऱ्या सीगलचे लाड यांच्या वाट्याला नाहीत.

दिवाळीपर्यंत हीसुद्धा बियांवर येतील. तोवर शेजारच्या पाण्यात थापटे उतरायला लागलेले असतील.